भंडारा जिल्ह्यात एक प्रश्न घेऊन फिरताना

आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे आले, की पहिला प्रश्न मुलगी विचारते. आईने घालून दिलेला नियम आहे. ताईने भाऊजींना विचारलं होतं, "स्वयंपाक येते का?" ते म्हणाले, "शिकून राहिलो." तेवढ्यावर लग्न जमलं. यंदा हाच नियम शाळांना लावायचं मी ठरवलं.

झालं असं, की ताई नर्स आहे आणि तिची बदली नाकाडोंगरीला झाली. तुमसर सोडायचं म्हणताच भाऊजींनी जाहीर केलं, की त्यांची सातवी झालेली लेक, मैत्री, गावच्या शाळेत जाणार नाही, होस्टेलला जाईल. मैत्रीला घरीच राहायचं होतं. आमच्या घरात लेकरांचं मत घेतात, म्हणजे ऐकून बाजूला ठेवतात. म्हणून मी नागपूरहून सकाळची एसटी धरली, भंडाऱ्याला भाऊजींच्या गाडीत बसले आणि अट घातली: शाळा मैत्री पाहील, प्रश्न तिचाच असेल. शाळाच तिला गप्प करतील, या आशेवर भाऊजी कबूल झाले.

पहिली शाळा जवाहरनगरच्या बाजूला. रस्ता उत्तम, फक्त फॅक्टरीच्या बसेसची वेळ टाळा. आवारातली मेंदी आणि पोरांचे केस एकाच मापाने कापलेले. मुख्याध्यापक म्हणाले, शिक्षणाचा हेतू शिस्त. मैत्रीने विचारलं, "सर, तुमचं चुकलं तं कोण सांगते?"

सरांनी उत्तर भाऊजींना दिलं. यंत्रातला स्क्रू बोलायला लागला तर यंत्र चालेल का, म्हणाले. मी म्हटलं, स्क्रूच्या मानाने ही जरा उंच आहे.

दुपारी लाखनी. हायवेवर ट्रकवाले थांबतात तिथे पोहे खा. तर्री वेगळी मागा, नाहीतर प्रवास तिथेच संपायचा. इथल्या शाळेच्या तिन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, भिंतींवर मात्र सूर्यफुलं. संचालिकाबाईंच्या मते मूल म्हणजे कळी, तिला फक्त उमलू द्यायचं. मैत्रीचा तोच प्रश्न.

"बेटा, आमच्याकडे चूक नावाची गोष्टच नसते."

"मंग शिकवता काय?"

बाईंनी झोपाळा दाखवला. भाऊजींना एसी आवडला.

परतताना गाडीत आमचं जुंपलं. मी म्हटलं, एकाला पोर म्हणजे सामान, दुसरीला फूल, आणि दोघांनाही ते बोलायला नको आहे. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर आपल्या आजोबांनी उपाशी राहून पोरं शाळेत घातली, ती स्क्रू व्हायला नाही आणि कळ्या व्हायलाही नाही. समोरच्याच्या डोळ्यात पाहून "काहून?" म्हणता यावं म्हणून घातली. भाऊजींनी रेडिओ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी नाकाडोंगरी. तुमसरच्या पुढे जंगल आणि खाणीचे ट्रक. चहा तुमसरलाच घ्या. शाळेचं एक छप्पर गळतं, इंग्रजीला मास्तर नाही, हे लपवत नाही. प्रश्न ऐकून वर्गावरच्या मॅडम म्हणाल्या, "सांग ना. पण काहून चुकलं तेही सांगा लागते."

मैत्रीने लगेच भिंतीवर रंगवलेल्या जिल्ह्याच्या नकाशाकडे बोट केलं. जिल्हा फुटून वर्षं झाली, पण नकाशात गोंदिया अजून आपल्यातच. मॅडम त्याच भिंतीला पाठ करून रोज शिकवत होत्या. त्यांनी नकाशा नीट पाहिला आणि खडू पुढे केला. "मार रेघ."

मैत्रीने ऐटीत रेघ मारली. नाकाडोंगरीही गोंदियात गेली.

"तू तं तुह्या मायची पुन्हा बदली करून टाकली," मॅडम म्हणाल्या. "पुस. आता इचार करून काढ."

भाऊजींना राहवेना. त्यांनी पुढे होऊन रेघ कुठून जाते ते दाखवलं. मैत्री म्हणाली, बाबा, तुमचंही चुकलं, आणि काहून ते सांगितलं. भाऊजी खडूचे हात झटकत राहिले. होस्टेलचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी नागपूरला परतले. मैत्रीचं नाव नाकाडोंगरीच्या शाळेत लागलं. इंग्रजीच्या मास्तरासाठी आता भांडायचं आहे, आणि भांडू. काल भाऊजींचा फोन आला, तक्रारीचा. पोरगी आता घरीही सोडत नाही, म्हणाले. वरण अळणी काहून, म्हणून जेवताना सगळ्यांसमोर विचारते.

"मग काय उत्तर दिलं?"

"काय देतो," भाऊजी म्हणाले. "शिकून राहिलो."