मावशीची गूळतुला

"सर, दांडी खालीच येत नाही," मी म्हणालो.

वॉर्डातल्या काट्यावरचं सरकतं वजन टोकाला पोचलं होतं, तरी दांडी वर चिकटलेलीच. काट्यावर लालबागची खानावळवाली मावशी उभी होती. शेजारच्या खाटेवरची बाई फिदीफिदी हसली. झालं! मावशी तरातरा उतरली आणि गाठोडं बांधू लागली.

मी तेव्हा परळच्या एका हॉस्पिटलात भूल द्यायला शिकत होतो. मावशीला हर्निया होता, म्हणजे पोटाच्या भिंतीला भोक पडून आतडं बाहेर डोकावत होतं. ते कधीही अडकलं असतं आणि मग जिवावरच बेतलं असतं. ऑपरेशन हवंच होतं. पण भुलीचं औषध वजनावर ठरतं. कमी पडलं तर पेशंट टेबलावर जागा होतो. जास्त झालं तर जागाच होत नाही.

मला शिकवणारे सर म्हणाले, "अंदाजपंचे भूल देणार नाही. आकडा आण."

भायखळ्याच्या लाकडाच्या वखारीत मोठा तराजू होता. मी मावशीला भीत भीत सुचवलं.

"माका वखारीत जोखतलास? मी काय जळाऊ लाकूड? मी घराक जातंय!"

तिच्या खानावळीत जेवणारा गिरणीतला गणपत तिला भेटायला आला होता. तो म्हणाला, "वखारीत कशाला? मावशी, आपण तुझी गूळतुला करू!"

गूळतुला म्हणजे एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात त्याच्या भाराचा गूळ. तो गूळ मग प्रसाद म्हणून वाटायचा. पुढाऱ्यांची होते ती आपली होणार म्हटल्यावर मावशीने गाठोडं सोडलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या आवारात चिंचेला वखारीतला तराजू टांगला. वखारवाल्याने वजनं दिली नाहीत, पण वाण्याने प्रत्येक ढेपीवर खडूने रत्तलांत वजन लिहून दिलं होतं. गणपतची मंडळी गिरणी कामगारांच्या मोर्चातून झेंड्यांसकट थेट तिथेच आली. नवी नऊवारी नेसून मावशी पारड्यात बसली. ढेपी पडू लागल्या, तशी घोषणा सुरू झाली.

"मावशी वर आलीच पाहिजे!"

मावशी वर आली. गूळ पडतच राहिला. गुळाचं पारडं जमिनीला टेकलं.

"अरे थांबा! समसमान हवं!" मी ओरडलो.

गणपत म्हणाला, "देवाचं देणं कधी काटेकोर मोजतात का, डॉक्टर?"

"मग वरच्या ढेपी काढ."

"देवाला दिलेलं परत घ्यायचं?"

मावशी वरून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. या फुगलेल्या आकड्यावर भूल दिली असती तर मावशी पुन्हा उठली नसती.

तिकडचं काढता येत नव्हतं, इकडे घालायला कोणाची हरकत नव्हती. सकाळीच वॉर्डातला काटा तपासताना मी माझं वजन केलं होतं. बूट काढले आणि मावशीशेजारी चढून बसलो. पारडं डुलत डुलत खाली आलं आणि दोन्ही पारडी एका पातळीत थांबली. म्हणजे मंडळींनी देवाला एक अख्खा डॉक्टर जास्त दिला होता.

मी गुळाची बेरीज केली आणि माझं वजन ओरडून सांगितलं. सरांनी गॅलरीतून ते वजा केलं. मावशीने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"इतक्याच? डाक्टरानू, तुमी जेवतास की नाय?"

ऑपरेशन उत्तम झालं. मावशी वेळेवर जागी झाली आणि पहिला प्रश्न, गूळ सगळ्यांना पोचला का? मला इतकं हायसं वाटलं की मी हसतच सुटलो.

तेव्हापासून मी पेशंटचं वजन पडदा लावूनच करतो. आणि त्याच्या माणसांनी प्रेमाने सांगितलेला कुठलाही आकडा एक डॉक्टर वजा करूनच धरतो.