छाप नसलेले अठरा कोयते

आमच्या गावच्या पारावर बसणारी मंडळी बहात्तरच्या दुष्काळाची एक हकिकत सांगतात. लोहाराने सोन्याचा भाव मागितला, म्हणून सोसायटीने सोलापूरहून कोयते मागवले. त्यांतला एक फुटला आणि एका माणसाचा डोळा गेला. तो लोहार मी. ही हकिकत आधी मला लोभी ठरवते आणि मग निर्दोष. दोन्ही खोटे आहे, आणि दुसऱ्या खोट्याची मला अधिक चीड आहे.

भावाचे आधी सांगतो. माझा कोयता मुरुमच्या बाजारातल्या कोयत्याच्या दुप्पट भावाने जाई, हे खरे. मऊ लोखंडाच्या दोन पट्ट्यांत पोलादाची पट्टी घालून तिन्ही एकजीव कराव्या लागत. मग धार लाल करून पाण्यात बुडवायची. त्या क्षणी ती काचेइतकी कडक होते आणि काचेसारखीच ठिसूळ. म्हणून पाते पुन्हा निखाऱ्याच्या कडेला ठेवायचे आणि वाळल्या कडब्याचा रंग त्यावर चढेपर्यंत नजर हलवायची नाही. रंग पुढे गेला तर धार मरते; अलीकडे राहिला तर ठिसूळपणा उरतो. एवढे झाल्यावर आमच्या घराण्याची रीत अशी, की गिऱ्हाइकाने स्वतः तो कोयता दारातल्या बाभळीच्या ओंडक्यावर तीनदा अंगच्या सगळ्या ताकदीने मारायचा. टिकला, तरच मुठीजवळ मी चंद्रकोरीची छाप ठोकत असे. फुटला, तर तुकडे दाराशेजारच्या ढिगात जात. दहांतले तीन तरी फुटत. त्या तिन्हींचा कोळसा, पोलाद आणि घाम उरलेल्या सातांच्या भावात असे. माझे गिऱ्हाईक जे पैसे देई, त्यांतले काही त्याच्या घरी कधीच न येणाऱ्या कोयत्यांचे असत. याला लोभ म्हणणाऱ्याने तो ढीग पाहिलेला नाही.

दुष्काळात सोसायटीने गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली. कडबा संपला होता. माणसे झाडांवर चढून लिंब, पिंपळ, उंबर यांच्या फांद्या उतरवीत आणि जनावरे ती पाने खात. चेअरमन माझ्या भट्टीवर आले. ते मला मिस्त्री म्हणत.

"मिस्त्री, चाळीस कोयते पायजेत. आठ दिवसांत. अन् भाव निम्मा."

"आठ दिवसांत वीस-बावीस होतील," मी म्हणालो. "निम्म्या भावात एकही होणार न्हाय."

"ते ओंडक्यावर आपटायचं सोडा की. जनावरं काय छाप बघून पाला खात्यात?"

मी मान हलवली. ते उठले, धोतर झटकले आणि जाता जाता म्हणाले, "मग सोलापूरहून पेटी मागवतो. कारखान्याचा माल. तुमच्यापेक्षा चकचकीत असतोय."

माझे चुकले ते इथे. दुसऱ्या गावचे लोखंड माझ्या दारासमोरून जावे, हे मला सोसले नसते. मी त्यांना हाक मारून परत बसवले आणि चाळीस कोयत्यांचा सौदा कबूल केला.

पहिले बावीस कोयते रीतीप्रमाणे झाले. मग दिवस उरले नाहीत. शेवटचे अठरा मी पाण्यात बुडवले आणि तसेच मूठ बसवून बाजूला ठेवले. निखाऱ्याची कड नाही, ओंडका नाही. पाणीही नेहमीचे नव्हते. गोडे पाणी टँकरने येई आणि ते पिण्यापुरतेच. भट्टीच्या वाट्याला खाऱ्या विहिरीचा तळ आला होता, आणि खाऱ्या पाण्यात पोलादाला बसणारा झटका फार वाईट. माझा घणकरी तेव्हा समोर उभा होता. बारा वर्षे माझ्या हातोड्याच्या ठोक्यावर घण टाकणारा, सीमेकडचा, घरी कानडी बोलणारा माणूस. त्याने कोयते पाहिले आणि मला विचारले, "अण्णा, ह्यांवर छाप?"

"न्हाय," मी म्हणालो.

 ती माझ्या अभिमानाची हद्द होती: वाईट काम केले, पण त्यावर नाव घातले नाही.

चाळीसही कोयते छावणीत गेले. भट्टीला काम उरले नव्हते, म्हणून घणकरी छावणीत फांद्या तोडायला लागला. चौथ्या दिवशी दुपारी मी एकटाच बसलो होतो. त्या घाईतला एक जास्तीचा कोयता भिंतीला टांगलेला होता. वारा नव्हता, कुणी त्याला हात लावला नव्हता, आणि त्यातून 'टिक्' असा आवाज आला. उतरवून पाहिला. धारेत केसाएवढी भेग पडली होती. पोलाद आतल्या ताणाने आपोआप तडकले होते. त्याचे अठरा भाऊ त्याच घटकेला झाडांवर होते, माणसांच्या हातांत.

मी छावणीकडे चालत सुटलो. चेअरमन मांडवात बाजेवर बसले होते.

"बिनछापाचे कोयते परत द्या," मी म्हणालो. "फुटतील."

"चार दिवसांत भाव वाढला व्हय?" ते म्हणाले, आणि भोवतालचे हसले. "एवढी जनावरं तोंड वासून उभी हायत. पाला काय नखानं तोडायचा?"

अखेर एवढेच ठरले, की मी एक चांगला कोयता आणला की एक बिनछापाचा परत न्यायचा. पहिला चांगला कोयता घेऊन मी झाडाखाली घणकऱ्याला गाठले आणि पहिली अदलाबदल त्याचीच करू लागलो. त्याने कोयता पाठीमागे धरला.

"माझा शेवटी बदला, अण्णा. बाकीच्यांना काय कळतंय? दिसेल तिथं घाव घालत्यात. मला ठाऊक हाय ह्याला कसं वागवायचं."

मी ऐकले. रोज दोन करून, भट्टीपुढे डोळे सुजेपर्यंत, नऊ बदलले. प्रत्येक परत आलेला मी ओंडक्यावर मारून पाही. नवांपैकी पाच फुटले. रोज संध्याकाळी छावणीकडून कुणी येताना दिसला की तो धावतो आहे की चालतो आहे, हे मी आधी पाही.

पाचव्या संध्याकाळी येणारा धावत होता. उंबराच्या सुक्या गाठीवर घाव बसला आणि धारेचा बोटभर तुकडा उडून घणकऱ्याच्या उजव्या डोळ्यात गेला. बैलगाडीतून त्याला नेताना मी मोडका कोयता मागून घेतला. फुटलेल्या कडेवर तीन थर स्पष्ट दिसत होते: काळपट, उजळ, काळपट. कारखान्याचे पाते अखंड एकाच पोलादाचे असते. तीन थरांचे काम या भागात माझ्याशिवाय कुणी करत नव्हते.

एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही. घण ऐरणीवर पडण्याऐवजी माझ्या मनगटावर पडेल, या भीतीने त्याने पुन्हा घण उचलला नाही. आणि सोलापूरच्या मालाची गोष्ट गावात पसरवली ती त्यानेच. मी तोंडावर विचारले तेव्हा म्हणाला, "छाप न्हाय तर तुमचा कसा? गप ऱ्हावा." तो आता नाही. तो चांगला माणूस होता, आणि त्याचेही म्हणणे मी खोटे ठरवतो. तो कोयता माझा होता. मी त्यावर छाप ठोकली नाही, म्हणून तो दुसऱ्याचा होत नाही.

छावणी उठली तेव्हा उरलेले आठ ज्याच्या त्याच्या घरी गेले होते. गावोगाव हिंडून मी पाच मिळवले. सहावा सास्तूरला, त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात सापडला. त्याची धार जपून ठेवल्यासारखी कोरी होती.

दोन अजून कुणाच्या तरी आढ्याला खोचलेले आहेत. गंज वरून चढतो, आतला ताण तसाच राहतो. मुठीजवळ चंद्रकोर नाही आणि कडेला तीन थर दिसतात, असा कोयता तुमच्या घरात असेल, तर त्याने लाकूड तोडू नका, पोराबाळांच्या हाती देऊ नका. तो घेऊन माझ्याकडे या. ओंडका अजून दारात आहे. बदल्यात छापाचा कोयता देईन, आणि त्याचा भाव मागणार नाही.