टॅलबटबाईंच्या दोन अधेल्या

दिगंबर मोघ्यांना नाण्यांचं वेड अमेरिकेत आल्यावर लागलं. नागपुरात इंजिनिअर झाले, ओक्लाहोमात मास्टर्स केलं आणि शुगर लँडला पाइपलाइनच्या कंपनीत चिकटले. काम फिरतीचं. गाडीच्या डिकीत हेल्मेटशेजारी भिंग आणि मऊ फडकं कायम असे. गावोगावी जुन्या वस्तूंचं दुकान दिसलं की गाडी आपोआप थांबायची. त्यांना हवी असत एकोणिसाव्या शतकातली चांदीची नाणी, त्यातही नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीतली. गरुडाखाली ‘सी सी’ अशी दोन बारीक अक्षरं दिसली की त्यांचा जेवणाचा डबा तसाच राहायचा.

चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये एका आडगावात टॅलबट नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी अंगणात सामान विकायला मांडलं होतं. काचेच्या बशीत दोन अर्ध्या डॉलरची नाणी होती. दोन्ही १८७० सालची, दोन्ही सी सी. मोघ्यांनी भिंग काढलं. एकच मिळायला लोकांचा जन्म जातो. गरुडाची बाजू स्वच्छ होती. उलट बाजूला, बसलेल्या बाईच्या चित्रावर, दोन्ही नाण्यांना बरोबर मध्यभागी सारखाच काळसर लांबट डाग होता.

“देते,” टॅलबटबाई म्हणाल्या, “पण जोडी फोडायची नाही.”

मोघ्यांनी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी, असं त्यांना वाटलं.

महिन्याभरात अर्विंगला नाण्यांचा मेळा भरला. तिथल्या एका व्यापाऱ्याकडे मोघ्यांना कित्येक वर्षं हुलकावणी देणारा एक जुना चांदीचा डॉलर होता. मोघ्यांनी जोडीतलं एक नाणं देऊन तो घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात पाहिलं तर डावा डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, होईल हळूहळू बरी, झोपताना पापणीला पट्टी लावा. पट्टी रोज सुटून यायची. रविवारी दुपारी मोघे सोफ्यावर घोरत होते आणि त्यांची मुलगी दीपा समोर गृहपाठ करत होती. ती एकदम उठून स्वयंपाकघरात गेली.

“आई, डॅड’स आय इज फॉलोइंग मी.”

प्रतिमाबाई बाहेर आल्या. सोफ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सावकाश गेल्या. डोळाही तसाच सावकाश त्यांच्यामागे गेला. घोरणं चालूच होतं.

“अहो, उठा,” त्यांनी हलवलं. “जोडी फोडू नका म्हणाल्या होत्या ना त्या बाई? ते नाणं परत आणा. कसं ते मला विचारू नका.”

मोघे आधी टॅलबटबाईंकडे गेले. काळा चष्मा लावून दारात उभे राहिले. बाईंनी चष्म्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कुठलं दिलंत?”

मग खुर्ची पुढे सरकवून त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरात कोणीही वारलं की पापण्या बसेपर्यंत डोळ्यांवर हीच दोन नाणी ठेवायची. पणजोबांपासून. आईच्या, नवऱ्याच्या डोळ्यांवर त्यांनी स्वतः ठेवली होती. “मी शेवटची. माझ्या डोळ्यांवर ठेवायला कोणी नाही, म्हणून विकली. वाटलं, निदान एकत्र राहतील.”

“मी ते दुसरं परत आणतो,” मोघे म्हणाले.

“लवकर आणा,” बाई म्हणाल्या.

व्यापाऱ्याने नाणं आढेवेढे न घेता परत दिलं, आपला डॉलर परत घेताना नीट पाहिलासुद्धा नाही. “गिऱ्हाईक हातात घेतं आणि लगेच खाली ठेवतं,” तो म्हणाला. “मलाही ते दुकानात नको झालंय.”

दुसऱ्या दिवशी मोघे दोन्ही नाणी घेऊन गावात पोचले, तेव्हा टॅलबटबाईंच्या व्हरांड्यात शेजारीण उभी होती. बाई पहाटे गेल्या होत्या आणि न्यायला येणारी गाडी अजून यायची होती.

आत पडदे ओढलेले होते. टॅलबटबाई पलंगावर उताण्या होत्या. दोन्ही डोळे उघडे. “मी चारदा मिटले,” शेजारीण दारातूनच म्हणाली.

मोघ्यांनी मरणाला असा हात कधी लावला नव्हता. वडील गेले तेव्हाही ते अमेरिकेतच होते, तार पोचायच्या आत सगळं उरकलं होतं. त्यांनी पापण्या खाली ओढल्या, नाणी ठेवली आणि खुर्ची घेऊन शेजारी बसले. खोलीत उकडत होतं, पण नाण्यांवर बारीक दव धरलं. तास गेला असेल. एकाएकी त्यांच्या डाव्या गालात मुंग्या आल्या आणि त्यांची पापणी जड होऊन आपोआप मिटली.

नाणी तिथेच ठेवून ते निघाले. “त्यांची आहेत, त्यांच्याबरोबर जाऊ दे,” त्यांनी शेजारणीला बजावलं.

पंधरा दिवसांत चेहरा सरळ झाला. डॉक्टर म्हणाले, म्हटलं नव्हतं?

ऑक्टोबरात टपालाने एक छोटं पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत कापसात दोन्ही नाणी होती. मोघ्यांनी शेजारणीला फोन लावला. ती शपथेवर म्हणाली की शवपेटी बंद झाली तेव्हा नाणी आतच होती, तिने स्वतः पाहिली होती.

मोघ्यांनी बाकीचा सगळा संग्रह त्या वर्षात विकला. ही दोन मात्र एकाच डबीत, कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. आपली वेळ आली की हाताशी असावी म्हणून डबी कुठे आहे ते त्यांनी प्रतिमाबाईंना दाखवून ठेवलं.

“पण आपल्यात असलं काही करत नाहीत,” त्या म्हणाल्या.

“नाही करत,” मोघे म्हणाले, आणि खण लावून घेतला.