दोन्हीकडे बघून

मी घर सोडलं त्या दिवशी बाबा स्टेशनवर आलेच नाहीत. विदर्भातल्या आमच्या छोट्या नॅरोगेज गाडीच्या फाटकावर ते गेटमन होते आणि त्यांची ड्युटी होती. गाडी फाटकापाशी आली तेव्हा ते हिरवा झेंडा धरून ताठ उभे. मी खिडकीतून वेड्यासारखा हात हलवला. त्यांनी नाही हलवला. खरं सांगते, मला फार राग आला होता.

पुण्यात हडपसरला कॉट बेसिसवर राहिले. घरमालकीणबाई माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, आपण तिकडच्या वाटतं. त्या 'तिकडच्या'तच सगळं आलं. मग सॉफ्टवेअरची नोकरी, डेडलाइन, लग्न, मुलगी, होम लोन, जवळच मांजरी गावात फ्लॅट. माझ्या बोलण्यातल्या 'काऊन'चं 'का' कधी झालं, कळलंसुद्धा नाही.

तिकडे बाबा रिटायर झाले आणि स्टेशनवर पाटी लागली, गाडी तात्पुरती बंद आहे. तात्पुरती! आई गेल्यावर मी त्यांना न्यायला गेले, तर हे म्हणतात, गाडी सुरू झाली की नव्या गेटमनला फाटक कोण समजावून देईल? मग मीही पाटीचाच शब्द उचलला. म्हटलं, बाबा, तात्पुरते चला.

ते येऊन महिना झाला नसेल, तर गावाहून दादाचा फोन. रूळ उपटून ट्रकमध्ये भरले, बाबांना सांगू नको. मी नाही सांगितलं. दादा, तू हे वाचशीलच, म्हणून लिहिते, सांगू नको असं तू म्हणालास, पण दोन वर्षं तोंड मिटून मी बसले होते.

आमच्या सोसायटीच्या मागे बाबांना एक मेलेला फाटा सापडला. कुठल्याशा गोदामाकडे जाणारी जुनी साइडिंग. दर रविवारी सकाळी आम्ही तिचा माग काढत निघायचो. गवतात थोडे रूळ, पुढे नर्सरीच्या कुंड्यांखाली रुळांचे लाकडी स्लीपर, एका स्लीपरचं रसवंतीवाल्यानं बाकडं केलेलं. रूळ दिसेनासे झाले तरी बाबा खडी बघून सांगायचे, इथं सांधा होता, गाडी इथून रूळ बदलायची. आणि फाटा ओलांडायचा तर आधी थांबायचं. उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं, मगच पाय टाकायचा. मागे बाइकवाले हॉर्न मारून हैराण.

"रूळ हाय तोवर गाडी हाय," बाबा म्हणायचे. मी मान डोलवायचे. माझी मलाच लाज वाटायची.

एका रविवारी गेलो, तर ती साइडिंग उचलायला माणसं आलेली. गॅस कटरनं रूळ कापत होते. बाबांनी मुकादमाकडे चौकशी केली. त्यानं त्यांची बोली ओळखली आणि बिचारा खूश होऊन म्हणाला, काका, तुमच्याकडची छोटी लाइनपण आमच्याच ठेकेदारानं उचलली की, दोन वर्षं झाली. बाबांनी गावाचं नाव विचारलं. त्यानं आमचंच सांगितलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला चकित झाल्याचं सोंग करता आलं नाही.

"तुले माहीत होतं?"

मी हो म्हटलं. कधीपासून, तेही सांगून टाकलं.

"पाटीनं फसवलं तं फसवलं," ते म्हणाले. "तू तं माही होती, माय."

एवढं बोलून ते निघाले. फाटा तसाच ओलांडला. थांबले नाहीत, उजवीकडे बघितलं नाही, डावीकडे बघितलं नाही. एक बाइकवाला करकचून ब्रेक मारून त्यांच्यावर ओरडला. तरी ते सरळ चालत राहिले.

गावी परत कधी जायचं, हे त्यांनी त्यानंतर एकदाही विचारलं नाही. माझ्याशी बोलतात, जेवतात, नातीला शाळेत सोडतात. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

गावाकडचे विचारतात, आता तुझं घर कोणतं? काय सांगू. साइडिंगच्या जागी डांबरी रस्ता झाला आहे. तिथे आलं की माझे पाय आपोआप थांबतात. मी उजवीकडे बघते, डावीकडे बघते. तोवर बाबा पुढे निघून गेलेले असतात.