बंद घरापुढची रांगोळी

परवा परंड्याकडच्या एका गावात जाऊन आले आणि अंगावरचा काटा अजून गेलेला नाही… गावाचं नाव विचारू नका.

मी गावोगावच्या तरुण पोरापोरींना एचआयव्हीबद्दल समजावून सांगते. सोबत जेवल्यानं होत नाही, शेजारी बसल्यानं होत नाही, रोज गोळी घेतली की माणूस चांगला जगतो… घसा सुकेपर्यंत हेच.

गेल्या वर्षी याच गावात पोरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "मॅडम, मागल्या गल्लीनं जाऊ नका." तिथं एक बंद घर होतं. नवरा-बायको 'त्या' आजारानं गेले तेव्हापासून दाराला कुलूप, पण रोज सकाळी अंगणात सडा आणि रांगोळी. "मेली तरी ती बाई येती मॅडम. आमी तिकडं बघत बी न्हाय."

मी हसले. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं उतरून मुद्दाम त्याच गल्लीत शिरले… कुठं गेला होता माझा शहाणपणा, देव जाणे.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सडा ओला, रांगोळी ताजी आणि कुलूप मात्र गंजलेलं. मग आतून डबा वाजला… आणि कुणीतरी घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज आला.

तेवढ्यात परसदारानं एक मुलगी बाहेर आली. आदल्या दिवशी माझ्याच वर्गात मागं बसलेली, एकही प्रश्न न विचारणारी. मला बघून ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली.

ती त्या दोघांचीच लेक. चुलत्याकडे राहायची. तिलाही जन्मापासून एचआयव्ही, आणि चुलतीनं दम भरलेला… गोळ्या घरात कुणा पाहुण्याला दिसल्या, तर तुझं गाठोडं बाहेर. म्हणून डबा या घरात ठेवून ती रोज पहाटे गोळी घ्यायला यायची.

"अन् सडा कशाला टाकतीस गं?" मी विचारलं.

"आईच्या भ्यानं कुणी इकडं फिरकत न्हाय, म्हणून. कळलं तर गोळ्या बी जात्याल आन् कॉलेज बी."

त्या दिवशी वर्गात पोरांनी विचारलंच, "गेलता का मॅडम?" भीती घालवायला आलेली मी… म्हणाले, "गेले होते. तुम्ही जाऊ नका." माझा आवाज अजून कापत होता, त्यामुळं त्यांना लगेच पटलं.

आता ती धाराशिवला नर्सिंग शिकते आणि हॉस्टेलवर मैत्रिणींसमोर गोळी घेते. हे लिहा असं तिनंच सांगितलं. ओळख पटेल असं सगळं मी बदललंय.

परवा त्या गावात गेले, तेव्हा सहज त्या गल्लीत डोकावले. कुलूप तसंच होतं. अंगण ओलं… आणि ताजी रांगोळी.

मी तिथूनच तिला फोन लावला. "मी तर दिवाळीपासनं गावाकडं आलेच न्हाय, मॅडम," ती उत्तरली. मग हळूच म्हणाली, "आई असंल… राहू द्या."

मी कुणालाच विचारलं नाही. जे कोण असेल, ते त्या पोरीचं घर राखतंय. दाराला हात जोडले आणि मागं न बघता स्टँडवर आले.