एक जूनच्या मुली

आमच्याकडे अर्ध्या तालुक्याचा जन्म एक जूनला झालेला आहे. मूल शाळेत घालायला नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे, आईबाप एकमेकांकडे बघायचे, आणि गुरुजी शाळा उघडायच्या आधीची सोयीची तारीख लिहून मोकळे व्हायचे. माझ्या आईचाही कागदावरचा वाढदिवस तोच. हे सगळं ठाऊक असताना मी जी चूक केली तिला अज्ञान म्हणायची सोय नाही. असती तर बरं झालं असतं.

पुण्यात काही वर्षं मी एका कंपनीत डेटाचं काम केलं. आईचे गुडघे गेले तेव्हा शहाद्याला परतले, नोकरी घरून चालू ठेवली, आणि दर रविवारी लोणखेड्याच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मुलामुलींना शिकवायला लागले. माहितीच्या लांबलचक याद्या साफ कशा करायच्या, त्यातून काय वाचायचं, आणि या कामाच्या नोकऱ्या कुठे असतात, असं सगळं. पुण्यातल्या सभासंमेलनांतून 'सर्वसमावेशक' हा शब्द मी मोठ्या हौसेने बरोबर आणला होता. लॅबची किल्ली सांभाळणारे काका पहिल्याच रविवारी म्हणाले, "मॅडम, तुमी शिकाडतस ते ठीक शे. पन यास्ले नोकरी लागीन का?" मी त्यांना ठासून हो म्हटलं.

पुस्तकी मराठीत मुलं अवघडून बसतात हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मी अहिराणीत शिकवायला सुरुवात केली. खोली एकदम मोकळी झाली. मुलं हसायला लागली, प्रश्न विचारायला लागली, आणि मी स्वतःवर खूश झाले. पण डोंगरात, मोलगीच्या पलीकडच्या पाड्यावरून आलेली एक मुलगी तिथे होती. तिच्या घरी पावरी बोलतात. मराठी ती शाळेत शिकली होती, अहिराणी तिला कुणी शिकवलीच नव्हती. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यांना घरच्यासारखं वाटायला लागलं, त्या दिवसापासून ती आणखी परकी झाली. हे मला दोन महिन्यांनी कळलं, तेही वर्गातल्या एका शिंप्याच्या मुलीने सांगितलं म्हणून. ती घरी उर्दू बोलायची, त्यामुळे असल्या गोष्टी तिला पटकन दिसायच्या.

ती डोंगरातली मुलगी मात्र गटातली सगळ्यात हुशार होती. बोलायची कमी. मी रविवारी जे दाखवायचे ते वसतिगृहात जाऊन मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपवर पुन्हा चालवून बघायची, आणि पुढच्या रविवारी माझ्यासमोर वही ठेवायची. वहीत कोणती ओळ का चालली, कोणती का चालली नाही, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. अशी माणसं मी पुण्यात फार पाहिली नाहीत.

मग एका शहरी संस्थेचं पत्र आलं. वर्षभराचं प्रशिक्षण, राहायची सोय, विद्यावेतन आणि पुढे नोकरी. जिल्ह्यातले अर्ज गोळा करून, यादी नीट करून मी पाठवायची, मग ते यादीतल्या प्रत्येकाला परीक्षेची लिंक पाठवणार. ही त्या मुलीची शेवटची संधी होती. तिचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं, त्यानंतर वसतिगृह सोडावं लागणार होतं, आणि तिच्या पाड्यावर फोन लागण्यासाठी टेकडी चढावी लागते. तिथे बसून हे काम शिकता येत नाही. मी तिला म्हटलं, तू तर लागलीच म्हणून समज.

तिने एक काम केलं. पाड्यावरच्या ज्या मुली शिकलेल्या होत्या त्या सगळ्यांना तिने अर्जाचं सांगितलं. त्यातल्याच एका मैत्रिणीचा अर्ज तर तिने स्वतःच्याच फोनवरून भरून दिला, कारण मैत्रिणीला जीप गाठायची होती. मैत्रिणीचा आधी, मग स्वतःचा.

अर्ज आले ते नेहमीसारखेच. रेंज जाते, अर्ज गेला की नाही कळत नाही, म्हणून लोक बटण परत परत दाबतात. कुणी स्वतःचा नंबर देतं, मग पुन्हा भरताना मामाचा देतं. यादीत एकेका माणसाच्या तीन-तीन ओळी झाल्या होत्या. मी एका संध्याकाळी बसून चार ओळींचा कोड लिहिला. नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख सारखी असेल तर पहिली ओळ ठेवायची, बाकीच्या काढून टाकायच्या. फोन नंबर मी मुद्दाम धरला नाही. यादी झरझर आटोपशीर झाली. ती संस्थेला पाठवली, आणि कोडसकट सगळ्या फाइली शिकण्यासाठी म्हणून गटाच्या फोल्डरमध्ये टाकल्या. त्या रात्री मला छान झोप लागली हे सांगायला आज लाज वाटते.

कॉलेजच्या परीक्षांमुळे पुढचे काही रविवार वर्ग बंद होता, तिची माझी भेट झाली नाही. मग निकाल आला, त्यात तिचं नाव नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी संस्थेला खरमरीत पत्र लिहिलं: डोंगरातल्या मुली तुम्हाला भाषणात हव्या असतात, यादीत नको असतात, वगैरे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. दुसऱ्या दिवशी सभ्य उत्तर आलं. या उमेदवाराला लिंक पाठवली होती, परीक्षा दिली गेली नाही. खाली लिंक पाठवलेला ईमेल पत्ता होता. तो तिचा नव्हता.

मी मूळ फाइल उघडली. एकाच गावाच्या दोन ओळी, एकाखाली एक. नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीख तीच. अख्ख्या पाड्याचं आडनाव एक. घरात हाक मारायची पावरी नावं गुरुजींना लिहिता येईनात, म्हणून त्यांनी दोघींनाही आपल्या आवडीचं एकच नाव देऊन टाकलेलं. एकाच दिवशी शाळेत घातल्या म्हणून वर्षही एकच, आणि तारीख अर्थातच एक जून. बापाच्या नावाने फरक कळला असता, पण शहरातून आलेल्या अर्जात दोनच चौकोन होते, नाव आणि आडनाव. पहिली ओळ मैत्रिणीची होती, म्हणून ती राहिली. दुसरी ओळ मी काढून टाकली होती. मैत्रीण तोवर नवापूरकडे नर्सिंगला लागली होती. तिने लिंक उघडूनही पाहिली नाही.

पुढचे चार दिवस मी संस्थेला फोन केले. पलीकडची बाई फार गोड बोलायची. तुमची तळमळ समजते, पण प्रक्रिया संपली आहे, पुढच्या वर्षी नक्की प्रयत्न करा. मी चूक कबूल केली, विनवणी केली, एकदा चक्क रडले. तिच्याही हातात काही नव्हतं. ज्यांच्या हातात होतं त्यांच्यापर्यंत माझा फोन पोचत नव्हता. आई बघत होती. शेवटी म्हणाली, "जेवत कसाले नही? तुन्ही चूक शे ना, मंग तिले सांगी टाक."

त्या मुलीचं वसतिगृह सुटलं होतं, तिचा फोन लागत नव्हता. म्हणून बाजाराच्या दिवशी जीपने मोलगीला गेले. जीपमध्ये मी काय बोलायचं ते घोकत होते, आणि प्रत्येक वाक्य मला खोटं वाटत होतं.

ती बाजारात आईबरोबर आमचुराची पोती घेऊन बसली होती. शेजारच्या बायकांशी पावरीत काहीतरी बोलत होती आणि मोठ्याने हसत होती. दीड वर्षात मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला पाहिलं आणि ती गप्प झाली, उठून उभी राहिली, पोत्यावरची आमचुराची धूळ झटकून मला बसायला जागा केली.

मी सगळं सांगितलं. दोन ओळी, एक जून, पहिली ठेवली, दुसरी गेली. ती मान खाली घालून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मला माहीत आहे मॅडम."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही फाइल टाकली त्याच दिवशी मी कोड चालवून बघितला. कोणत्या ओळी जातात ते बघत होते. माझी गेली."

तेव्हा परीक्षेला अजून वेळ होता. एक ओळ परत घालायची होती, पाच मिनिटांचं काम. मी विचारलं, आणि माझा आवाज नको तेवढा चढला, "मग बोलली का नाहीस तू?"

ती थोडा वेळ मराठी शब्द जुळवत राहिली. "मला वाटलं, आमच्या गावाला एकच जागा असेल. तुम्ही निवडलं असेल."

मी निवडलं नव्हतं, मी तिला पाहिलंच नव्हतं, आणि यातलं जास्त वाईट काय ते मला ठरवता येईना. तिच्या आईने मला बघून तिला पावरीत काहीतरी विचारलं. तिने दोन शब्दांत उत्तर दिलं. आई माझ्याकडे पाहून हसली आणि एका पिशवीत मूठमूठ आमचूर भरायला लागली.

"आईला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, मॅडम भेटायला आल्या."