एक अधिकचं चिन्ह

प्रज्ञाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये होते. काकू, म्हणजे तिची आई, एवढंच म्हणाल्या, "ये गं घरी." समोरचा प्रोग्राम चालू ठेवूनच मी निघाले... त्याला आता काही आठवडे झाले. मला हे नीट लिहिता येईल का, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि तेही तिच्यामुळे, म्हणून लिहिते आहे.

असल्फ्याच्या डोंगरावर आमची दारं समोरासमोर. ताई मेट्रोने अंधेरीला जायची, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायला. अभ्यासात काही अडलं की मी तिला मोबाईलवर लिहायचे, "ताईऽऽऽऽऽऽऽऽ?" अगदी दारातून हाक मारल्यासारखं. एका रविवारी तिने तीच हाक, चांगली लांब ओढून, गंमत म्हणून आपल्या चाचणीच्या चौकटीत टाकली, आणि लॅपटॉप अडकला. पंखा घरघरायला लागला.

"वाट लावलीस ना माझ्या मशीनची!" ती ओरडली. मग एकदम पुढे सरकली. "थांब... परत लिही बघू. अजून लांब लिही."

मराठी मजकूर ठरलेल्या नमुन्यात बसतो का, हे पाहणारं ते सॉफ्टवेअर होतं. फुकट, सगळ्यांसाठी खुलं, आणि बऱ्याच वेबसाइटच्या पोटात बसलेलं. त्या नमुन्यांना रेजेक्स म्हणतात. त्यात ऽ साठी 'एक किंवा अनेक' असं सांगणारं अधिक चिन्ह दोनदा पडलं होतं, एकात एक. ताईने मला ते आमच्या डोंगरावरूनच समजावलं. "नवा पोस्टमन घर शोधतोय समज. गल्ली बंद निघाली की मागे येतो, दुसरीत शिरतो. इथे एक ऽ वाढला की गल्ल्या दुप्पट. शेवटी ते प्रश्नचिन्ह बसलंय, ते नमुन्यात बसत नाही, म्हणजे घर नाहीच आहे. पण सगळ्या गल्ल्या संपल्याशिवाय तो 'नाही' म्हणणार नाही." कुणी मुद्दाम अशी ओळ पाठवली तर अख्खी वेबसाइट सगळ्यांसाठीच अडकेल, म्हणाली.

एक अधिक चिन्ह खोडायचं होतं फक्त. आधी तिने ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला खासगीत कळवलं. महिने गेले, उत्तर नाही. मग त्या सॉफ्टवेअरच्या पानावर उघडपणे दुरुस्ती पाठवली. त्यावर फक्त एक यंत्र अधूनमधून विचारायचं: काही हालचाल नाही, हे अजून लागू आहे का, नसेल तर बंद करतो. ताई दर वेळी लिहायची, "अजून आहे."

मग ती आजारी पडली. आधी कावीळ म्हणाले, नंतर लिव्हरच काम देत नाही म्हणाले. हॉस्पिटलमध्ये मला म्हणाली, "यंत्राने विचारलं तर तू उत्तर दे. तुझ्या नावाने. माझ्या खात्याचा पासवर्ड मागू नकोस हं, आईलाही देणार नाही."

"तूच दे ना बरी होऊन."

"एवढं एक आत गेलं पाहिजे यार," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आत वंदना चालू असताना यंत्राचं ते मेल आलं. बाहेर चपलांपाशी उभी राहून मी उत्तर लिहायला घेतलं. दोनच शब्द लिहिले, "अजून आहे."

गेल्या आठवड्यात सांभाळणाऱ्याने ते पानच गोठवलं. आता तिथे फक्त वाचता येतं, लिहायला जागाच नाही. ताईची दुरुस्ती तशीच आहे, न स्वीकारलेली. कॉलेजचे सर म्हणाले, दुरुस्ती घालून सॉफ्टवेअरची वेगळी प्रत काढता येते, पण ती लोकांनी घ्यायला हवी. मी काढली. कुणी घेतलेली नाही. वेबसाइट जुनंच वापरतात.

तिचा लॅपटॉप काकूंनी मला दिलाय, पण मी तो त्यांच्याच घरी ठेवते. काल तिच्या जागेवर बसून तीच चौकट उघडली आणि लिहिलं, "ताईऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽ?" पंखा घरघरायला लागला. काकू भाकरी थापता थापता थांबल्या.

"ती बसायची तेव्हा असाच वाजायचा. काय करतंय गं ते?"

"शोधतंय, काकू."

"सापडेल?"

मी बंद करायला हात पुढे नेला, तर म्हणाल्या, "राहू दे. शोधू दे त्याला."